देवदाराची तुळई आणि एकतीस मार्च

शिमल्यातील ब्रिटिशकालीन सरकारी इमारतींमध्ये जवळजवळ प्रत्येक मोठ्या खोलीला फायरप्लेस असते. १८६४ पासून हे गाव ब्रिटिश हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी झाले आणि डोंगर चढून येताना साहेबाने आपल्या देशातील शेकोटीची पद्धतही सोबत आणली. आज या फायरप्लेस क्वचितच पेटतात. विजेचे हीटर आले, आणि लाकडी बांधणीच्या या इमारतींना आगीचे भयही मोठे. पीटरहॉफची जुनी वास्तू १९८१ मध्ये जळाली, आणि गॉर्टन कॅसलचे वरचे मजले जानेवारी २०१४ मधील आगीत गेले. तरीही फायरप्लेसवरची आडवी फळी, जिला मँटल म्हणतात, ती खोलीचे केंद्र राहिली आहे. आपल्या जुन्या घरांत देवळीला जे स्थान असते, तेच इथे तिला. घड्याळ तिथे, फोटो तिथे, अभ्यागतांची वही तिथे, आणि आलेला प्रत्येक पाहुणा बोलता बोलता कोपर टेकतो तेही तिथेच.

माझी शिमल्याला नेमणूक असताना कार्यालयाच्या विश्रामगृहाची जबाबदारी माझ्याकडे होती. तिथल्या बैठकीच्या खोलीतील मँटल चिडाच्या फळीचे होते. चिमणीतून वर्षानुवर्षे झिरपलेल्या पाण्याने ते आतून कुजले होते आणि बोटाने दाबले तर भुसा पडे. त्याच सुमारास विश्रामगृहामागील कोळशाची जुनी कोठी जानेवारी २०१७ च्या मोठ्या बर्फवृष्टीत कोसळली होती, आणि तिच्या छपरातून निघालेल्या देवदाराच्या तुळया ताडपत्रीखाली रचून ठेवलेल्या होत्या. त्यांतील एक सात फूट लांब, दहा इंच उंच, आठ इंच जाड, आणि वाकसाने तासल्याच्या खुणा अजून स्पष्ट असलेली अशी होती. देवदाराच्या गाभ्याचे लाकूड वाळवीला आणि कुजीला सहजासहजी बळी पडत नाही. ही तुळई किती जुनी होती ते कोणालाच माहीत नव्हते, पण एका कडेचा पातळ पापुद्रा काढताच ताज्या लाकडासारखा वास आला.

आमच्या दप्तरी मात्र ती ‘पाडकामातून निघालेले निरुपयोगी सामान’ या नोंदीत होती. अशा सामानाची विल्हेवाट लावायची म्हणजे लिलाव करायचा, आणि लिलावात तिला जळाऊ लाकडाचा भाव मिळणार, म्हणजे फार तर पाच-सहाशे रुपये. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला हे उदाहरण वर्गात सांगण्यासारखे वाटते. वस्तूचे मोल तिच्या पुढच्या सर्वोत्तम उपयोगावरून ठरवावे, असे आम्ही पहिल्या वर्षी शिकलो. सरकारी नोंदवही ते शेवटच्या नोंदीवरून ठरवते. कोठी पडली त्या दिवशी तुळई ‘इमारत’ या सदरातून ‘भंगार’ या सदरात गेली. तिच्यात स्वतःत तसूभरही फरक पडलेला नव्हता.

नव्या मँटलसाठी जे एस्टिमेट आले, त्यात काळ्या ग्रॅनाइटची फळी होती. कारण विचारले तर दोन निघाली. एक, दरपत्रकात ग्रॅनाइटचा दर तयार असतो. जुन्या तुळईचा नसतो, त्यासाठी दराचे वेगळे विश्लेषण करावे लागते. दुसरे, केंद्र सरकारच्या बांधकामांत १९९३ पासून लाकडाचा वापर टाळण्याचे धोरण होते. (ते पुढे २०२० मध्ये मागे घेण्यात आले, मी सांगतो आहे ती गोष्ट २०१८ ची.) हे धोरण जंगलांच्या रक्षणासाठी होते आणि त्याचा हेतू मला मान्यच होता. परंतु जे झाड आपल्या जन्मापूर्वीच तोडले गेले, ते आता जाळून टाकल्याने कोणते जंगल वाचणार होते? मी टिपणीत लिहिले की यात नवे लाकूड खरेदी होत नाही, आवारातच असलेल्या सामानाचा त्याच आवारात पुनर्वापर होतो, सबब धोरणाचा भंग नाही. लेखा शाखेने दोन वेळा फाईल परत पाठवली आणि तिसऱ्या वेळी संमती दिली. इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही कार्यालयात घडते तशीच आहे.

खरा प्रश्न पुढे होता. देवदाराचे वजन घनमीटरला साधारण साडेपाचशे ते सहाशे किलो धरतात. आमच्या तुळईचे घनफळ एक दशांश घनमीटरहून थोडे अधिक, म्हणजे वजन सुमारे ६० किलो. एखाद्या प्रौढ माणसाला छातीच्या उंचीवर भिंतीला आडवे टांगून ठेवायचे, आणि तेही कायमचे, असे हे काम. खाली गालिच्यावर लोक बसणार, मुले खेळणार. शिवाय शिमला भूकंपप्रवण पट्ट्यात आहे. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात सुमारे २०,००० माणसे गेली, आणि तो कांगडा शिमल्यापासून फार दूर नाही.

कनिष्ठ अभियंत्यांनी नकाशा काढून आणला. हुशार आणि कामसू तरुण. नकाशात भिंत सलग दगडी दाखवली होती. तुळईच्या लांबीत समान अंतरावर चार ठिकाणी अँकर बोल्ट होते आणि तुळईची तळरेषा फायरप्लेसच्या तोंडापासून पाच इंच वर होती, कारण ग्रॅनाइटची फळी तिथेच बसणार होती. पाच इंचांवर दगड चालतो, लाकूड चालत नाही. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेत याचा एक सोपा नियम आहे: तोंडापासून सहा इंचांच्या आत लाकूड नकोच, सहा ते बारा इंचांच्या पट्ट्यात लाकूड जितके इंच दूर, तितके अष्टमांश इंचच ते भिंतीबाहेर यावे. आमची तुळई आठ इंच बाहेर येणार होती, म्हणजे ती बारा इंचांच्या वरच हवी. आम्ही सोळा इंच ठरवले. अभियंत्यांनी लगेच दुरुस्ती केली.

काम करायला ठेकेदाराने पाठवलेले मिस्त्री रोहडूच्या बाजूचे होते. वय साठीच्या आसपास, कानावर पेन्सिल, बोलणे कमी. त्यांनी नकाशा पाहिलाच नाही. भिंतीपाशी जाऊन मधल्या बोटाच्या पेराने एका टोकापासून ठोकत ठोकत निघाले. टक्‌ टक्‌ असा भरीव आवाज येत होता, तो एका जागी बदलला. तिथे त्यांनी पेन्सिलीने उभी रेघ मारली. मग दुसऱ्या बाजूला तशीच रेघ. दोन रेघांमधले अंतर मोजले तर पाच फूट भरले. ‘जनाब, पत्थर इतना ही है. आगे धज्जी है,’ एवढेच ते म्हणाले आणि हत्यारांची पेटी बंद करून बसले.

धज्जी म्हणजे आपल्याकडची धांदोटी, चिंधी. धज्जी-दिवारी हा हिमालयातील भिंतीचा जुना प्रकार आहे. लाकडी चौकटीत उभे, आडवे, तिरपे दांडे घालून लहान लहान खण करायचे, आणि ते खण दगडांच्या तुकड्यांनी व मातीने भरायचे. वरून चुन्याचा किंवा मातीचा गिलावा केला की भिंत सलग दिसते. तिला चिंध्यांच्या गोधडीची उपमा मिळाली ती योग्यच आहे. भूकंपात ही भिंत हलते, कुरकुरते, तिचा गिलावा झडतो. पण भेग एका खणातून दुसऱ्यात सहसा धावत नाही आणि भिंत अंगावर येत नाही. २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पलीकडच्या बाजूला घरे पुन्हा बांधताना या पद्धतीला अधिकृत मान्यता मिळाली. मात्र बोल्ट मारून ६० किलोंचा भार टांगण्यासाठी ती भिंत नव्हे. बोल्ट तिथे मातीतच जाणार.

आमच्या खोलीत चिमणीचा दगडी भाग भिंतीच्या पुढे आलेला नव्हता. दगड आणि धज्जी एकाच पातळीत, एकाच गिलाव्याखाली होते, म्हणून नकाशा काढताना भिंत एकसंध वाटली. अभियंत्यांचा विश्वास बसेना. मी फूटभर गिलावा काढून पाहण्यास सांगितले. रेघेच्या एका बाजूला घडीव दगड निघाला, दुसऱ्या बाजूला तिरपा दांडा आणि पिवळी माती. चार बोल्टांपैकी बाहेरचे दोन त्या मातीत बसणार होते. अभियंता बराच वेळ तिथे उभे होते. मग त्यांनी नकाशाच्या प्रतीवर आडवी काट मारली आणि मिस्त्रींच्या शेजारी जमिनीवर बसले. माझ्या नोकरीत मी पुष्कळ अधिकारी पाहिले. काट मारून खाली बसणारे थोडे.

दोघांनी मिळून जी योजना केली ती अशी. फायरप्लेसच्या तोंडाच्या दोन्ही अंगांना, दगडी भागातच, एकेक दगड काढून तिथे वीस इंच लांबीचे नवे दगड बसवायचे. चौदा इंच भिंतीत, सहा इंच बाहेर. यांना हिंदीत टोडा म्हणतात. तुळई या दोन टोड्यांवर बसेल, म्हणजे तिचा सगळा भार दगडातून दगडात आणि पायात जाईल. मागून १६ मिलिमीटरचे दोन लोखंडी गज, तेही दगडी भागातच. त्यांचे काम भार घेण्याचे नाही, तुळई पुढे कलंडू नये एवढेच. तुळईतील भोके गजापेक्षा किंचित उभट ठेवायची, कारण लाकूड लांबीत फारसे आकसत नाही पण उंचीत आकसते, आणि शेकोटीवर ते आणखी सुकणार. दोन्ही टोके धज्जीवर एकेक फूट पुढे जातील, परंतु भिंतीला स्पर्श करणार नाहीत. त्यांच्या मागे अर्ध्या इंचाची फट राहील. भूकंपात दगडी चिमणी एका तऱ्हेने हलते आणि धज्जी दुसऱ्या. दोघींना एकाच तुळईने बांधून टाकले तर तुळई एकीला ओढील. ही फट आवश्यक आहे असे मिस्त्री म्हणाले. कारण मी विचारल्यावर अभियंत्यांनी दिले. दोघांचे ज्ञान तेवढ्यापुरते जुळले होते.

मतभेद झाला तो चुन्यावरून. मिस्त्रींना टोडे चुना-सुरखीत बसवायचे होते, अभियंत्यांना सिमेंटमध्ये. सिमेंट लवकर घट्ट होते हा त्यांचा मुद्दा खरा होता. पण जुनी बांधणी चुन्याची. तिच्यात सिमेंटचा कडक तुकडा घातला की ओल त्याच्या कडेने अडकते आणि फुटते तो जवळचा जुना सांधा. शेवटी गजांसाठी सिमेंट आणि टोड्यांसाठी चुना असे ठरले. चुन्याची एक अट असते. तो सावकाश मुरतो, आणि पाच अंशांखालील थंडीत त्याला हात लावू नये. ही चर्चा झाली तेव्हा फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता आणि बाहेर छपरांवर बर्फ होते. ‘चैत लगने दो, फिर चूना, उसके बाद दो महीने हाथ मत लगाना,’ मिस्त्री म्हणाले.

चैत्र लागेपर्यंत मार्चचा उत्तरार्ध. त्यापुढे दोन महिने. आणि मंजूर रक्कम ३१ मार्चला संपणार.

सरकारी नोकरीत नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. संसदेने दिलेले अनुदान एका आर्थिक वर्षापुरते असते. ३१ मार्चपर्यंत जे खर्च झाले नाही ते परत जाते. हे टाळण्यासाठी देशभर मार्चमध्ये जी धावपळ होते, ती शासनाला ठाऊक नाही असे नाही. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील ६२ वा नियम वर्षअखेरीच्या घाईगर्दीच्या खर्चाला आर्थिक औचित्याचा भंग म्हणतो. त्या काळात वित्त मंत्रालयाच्या सूचनेप्रमाणे शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि मार्चमध्ये १५ टक्के एवढीच खर्चाची मर्यादा होती. हा रोग केवळ आपलाच नाही. अमेरिकेच्या संघ सरकारच्या खरेदीचा लीबमन आणि महोनी या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातील खर्च इतर आठवड्यांच्या सरासरीच्या ४.९ पट आढळला, आणि त्या आठवड्यात मंजूर झालेल्या संगणकीय प्रकल्पांचा दर्जा लक्षणीय कमी निघाला. तिथल्या न्याय विभागाला शिल्लक रक्कम पुढच्या वर्षी वापरण्याची मुभा आहे, आणि त्या विभागात ही घसरण दिसली नाही. मला तो निबंध वाचताना आश्चर्य वाटले नाही; मी तो प्रकार तीस वर्षे आमच्याच गॅलरीत पाहत होतो.

यावर एक रूढ उपाय आहे आणि तो मला रीतसर सुचवण्यात आला. मोजमाप पुस्तकात ३१ मार्चपूर्वी काम पूर्ण झाल्याची नोंद करायची, बिल काढायचे, आणि काम मागाहून सवडीने पुरे करायचे. ‘सगळीकडे असेच चालते, आणि इथे तर काम खरोखरच होणार आहे,’ असे समजावण्यात आले. त्यात बेइमानी नव्हती, हे मी मान्य करतो. कोणाच्या खिशात दमडीही जाणार नव्हती. पण त्या नोंदीचा अर्थ काय होतो याचा विचार करावा. ६० किलोंची तुळई भिंतीवर सुरक्षित बसली आहे असे मी सहीनिशी लिहिणार, आणि प्रत्यक्षात ती व्हरांड्यात पडलेली असणार. एकदा ते लिहिले गेले की घाई सुरू होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक वरिष्ठ अधिकारी विश्रामगृहात उतरणार होते. पुस्तकात असलेली तुळई त्यांना भिंतीवर दिसली पाहिजे म्हणून कोणीतरी ओल्या चुन्यावर ती चढवलीच असती. त्याखाली कोण बसले असते ते मला सांगता येत नाही, पण मिस्त्रींचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते एवढे माहीत होते. हजेरीपटावर ते ‘कुशल कामगार, एक’ होते. बोट भिंतीवर ठोकून त्यांनी जे शोधले, त्याला सदर नव्हते.

मी कामाचे दोन टप्पे केले. गिलावा उघडणे, टोडे बसवणे, गज पुरणे हा पहिला. तो मार्चच्या अखेरच्या दिवसांत झाला, प्रत्यक्ष मोजला आणि त्याचेच पैसे दिले. तुळई चढवणे हा दुसरा. तो पुढील वर्षाच्या अनुदानातून. उरलेली रक्कम परत केली. वरून विचारणा आली की एवढ्या लहान कामाचे पैसेही वेळेत खर्च करता येत नाहीत काय. मी उत्तरात चुना मुरण्याची मुदत लिहिली. त्यावर पुन्हा पत्र आले नाही. बहुधा कोणाला काय लिहावे ते सुचले नसावे. वरिष्ठ अधिकारी आले, दोन रिकामे टोडे पाहून ‘हे काय?’ म्हणाले, आणि सांगितल्यावर त्यांनी पाऊण तास आपल्या केरळातल्या घराच्या फणसाच्या लाकडाबद्दल सांगितले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तुळई चढली. तिला कोठीपासून वर आणायला दोन ‘खान’ आले. शिमल्यात गाड्यांना मज्जाव असलेल्या वाटांवरून सामान पाठीवर वाहणाऱ्या काश्मिरी हमालांना तिथे खान म्हणतात. दोघांपैकी एकट्यानेही ती आणली असती. लांबी जिन्याच्या वळणावर मावेना म्हणून दुसरा. भिंतीसमोर दोन लाकडी घोड्या मांडून तुळई त्यांवर ठेवली, आणि खालून जोडीजोडीने पाचरी ठोकत मिस्त्रींनी ती केसाकेसाने उचलली. गजांची टोके भोकांसमोर आली तेव्हा त्यांनी हात वर केला आणि सगळे थांबले. मग दोन्ही बाजूंनी सारखा दाब. तुळई गजांवर सरकली, भिंतीपासून अर्ध्या इंचावर थांबली, पाचरी सैल केल्या आणि ती टोड्यांवर बसली. पाणसळ लावली तर बुडबुडा मधोमध होता. मिस्त्रींनी पाणसळ अभियंत्यांच्या हातात दिली आणि त्यांनाही पाहायला लावले.

दुसऱ्या वर्षी लेखापरीक्षणात दोन आक्षेप निघाले. मंजुरीची मर्यादा चुकवण्यासाठी काम तोडून केले काय, आणि जुने सामान लिलावात का काढले नाही. पहिल्याचे उत्तर सोपे होते: दोन्ही टप्प्यांची बेरीजही माझ्याच अधिकारात बसत होती, तेव्हा चुकवायचे काही नव्हते. दुसऱ्यासाठी जळाऊ लाकडाचा भाव आणि ग्रॅनाइटच्या एस्टिमेटची रक्कम शेजारी शेजारी लिहून पाठवली. दोन्ही परिच्छेद वगळण्यात आले. लेखापरीक्षकांनी आपले काम केले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तोवर माझी बदली झाली होती. पहिल्या हिवाळ्यानंतर माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांचा दूरध्वनी आला. तुळईला वरच्या अंगाने लांब चीर गेली होती, आणि ती लांबी भरून बुजवावी असा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर होता. लाकूड सुकताना अशी चीर जाते, तिने ताकद कमी होत नाही, बुजवू नका, असे मी सांगितले. त्याऐवजी दोन्ही टोकांच्या मागे पेन्सिल आरपार सरकते का, तेवढे पाहा म्हटले. ते फोन तसाच ठेवून पाहायला गेले. उजवीकडे सरकत होती. डावीकडे रंगाऱ्याने फट पुट्टीने भरून टाकली होती. ती त्याच दिवशी खरवडून काढायला सांगतो, असे ते म्हणाले.